डीपी बदला, ओ सायेब

सत्काराची शाल उन्हाळ्यात जास्त मिळते.

शेळीला ताल कळत नाही. (कळतो, असं म्हणणारेही आहेत, पण त्यांनी शेळ्या राखलेल्या नाहीत.)

मांजरसुंब्याच्या चौकातल्या एका बॅनरवर एकतीस चेहरे आहेत. वाढदिवस त्यांतल्या एकाचा आहे. कोणाचा, हे बॅनरवरून कळत नाही.

खांबावरची डीपी जळते, फोनमधला डीपी बदलतो. एक स्त्रीलिंगी, एक पुल्लिंगी. आज्ञार्थात मात्र दोघांनाही एकच रूप चालतं : डीपी बदला.

पिठाची गिरणी बंद आहे.

*

लोकशाहीत प्रत्येक तक्रारीची दखल घेतली जाते. ती कशी घ्यायची आणि नेमकी कशाची घ्यायची, एवढंच काय ते घेणाऱ्याच्या सोयीवर सोडलेलं असतं.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे तेलगावकडच्या एका वस्तीवरचा (वस्तीचं नाव पुढे येईलच) सुग्रीव. वय तेवीस, शिक्षण बारावी, व्यवसाय शेळ्या. वस्तीला वीज देणारं रोहित्र, म्हणजे लोकांच्या भाषेत डीपी, एका दुपारी धूर सोडून गप्प झालं. त्याबरोबर बोअरची मोटर गप्प झाली, गिरणी गप्प झाली, घराघरांतले पंखे गप्प झाले. सुग्रीवची आई अंजनाबाई तेवढी बोलत राहिली, कारण पाणी आता तिला डोक्यावरून आणावं लागत होतं.

वीज कचेरीत तोंडी सांगून झालं, लेखी देऊन झालं. प्रकरण वर गेलं आहे, असं कचेरीनं कळवलं. वर गेलेली वस्तू आपोआप खाली येते, हा नियम कचेरीच्या दाराशी संपतो.

तेव्हा सुग्रीवनं शेळ्या वळवताना तोंडानं जो ठेका धरतात, त्या ठेक्यावर गाणं रचलं आणि स्वतःच्या फोनवर रेकॉर्ड केलं. ते असं :

गिरणी गप, मोटर गप,
माणूस गप, मेंढरू गप,
शेळ्या तहानल्या, आमी तहानलो,
कचेरीत जाऊन लई लई वाकलो.
डीपी बदला, ओ सायेब, डीपी बदला!
कंची म्हंता? ऐका. आमची वस्ती म्हंजी

गाणं इथं तुटतं. सुग्रीवनं ते होतं तसंच फोनवरून पुढे पाठवलं.

*

महाराष्ट्रानं गाण्याची दखल घेतली.

एका कॉलेजात एका मुलीनं त्या ठेक्यावर जुना डीपी काढून नवा लावला. मग तिच्या मैत्रिणींनी लावला. मग ज्यांचं नुकतंच मोडलं होतं त्यांनी, ज्यांचं नुकतंच जमलं होतं त्यांनी, आणि ज्यांचं काहीच होत नव्हतं त्यांनीही. एका पंधरवड्यात प्रत्येक मराठी माणसानं सरासरी अडीच वेळा डीपी बदलला, असा अंदाज आहे. (अंदाज तेलगावच्या बद्रीनाथचा. अर्धा डीपी कसा बदलतात, हे त्यानं सांगितलं नाही.)

जाणकारांनीही लिहिलं. जुनी ओळख टाकून नवी धारण करण्याची ग्रामीण तरुणाची आस या गाण्यात दिसते, असं मत पडलं. शेवट विशेष वाखाणला गेला. वाक्य अर्ध्यात सोडून कवीनं व्यवस्थेपुढे मौनाचा आरसा धरला आहे आणि असं धाडस शहरी कवींना जमलेलं नाही, असं एका लेखात म्हटलं होतं. लेखासोबत लेखकाचा फोटो होता. नवा.

बद्रीनाथ हा तेलगावात मोबाईल दुरुस्त करतो. प्रसिद्धी आल्या दिवशीच तो सुग्रीवचा मॅनेजर झाला. (नेमणूक त्यानंच केली.) त्यानं सुग्रीवला काळा चष्मा आणि कलाकाराचं नाव दिलं : ४४० सुग्र्या. आकडा व्होल्टचा आहे. घरी त्या वेळी शून्य होते. पण कलाकाराचं खासगी आयुष्य वेगळं ठेवावं, असं बद्रीनाथचं धोरण होतं.

गाण्याचा व्हिडिओ शहरातल्या स्टुडिओत झाला. त्यासाठी थर्माकोलची डीपी केली होती. तिच्यात दिवे लागत.

*

यशस्वी रॅपरची कारकीर्द आमच्या जिल्ह्यात पुढील क्रमानं चालते : वाढदिवस, हळद, उद्घाटन, हळद, वाढदिवस. सुग्रीवनं एकदाही नाही म्हटलं नाही. पैशासाठी नाही, नावासाठीही नाही. त्याचा हिशेब साधा होता : गाणं अर्धं राहिलं आहे, पुढची ओळ माईकवर म्हणायची, वस्तीचं नाव एकदा सगळ्यांच्या कानावर घालायचं. मग डीपी कशी येत नाही, बघू.

अडचण एवढीच होती की लोकांना गाणं पाठ होतं. ‘आमची वस्ती म्हंजी’ म्हटलं की गाणं संपतं, हे लहान पोरांनाही ठाऊक. तिथं शिट्ट्या सुरू व्हायच्या आणि डीजेवाला ढोल सोडायचा. सुग्रीव पुढची ओळ म्हणायचा, ओठ हलताना दिसायचे. पुढच्या रांगेतल्यांना वाटायचं, पोरगं आभार मानतंय.

घरी आला की अंजनाबाई दारातच विचारायची.

“आली का डीपी?”

“न्हाई. शाल आली.”

“मंग मोठा कावून झालास?”

४४० सुग्र्या शाल घेऊन गोठ्यात जायचा. शाली वाढत गेल्या तशा त्या नव्या जन्मलेल्या करडांच्या अंगाखाली गेल्या. जिल्ह्यातल्या इतर कोणत्याही करडांचा एवढा सत्कार झालेला नाही.

*

कारकिर्दीचा कळस बंकटअण्णांच्या वाढदिवसाला आला. बंकटअण्णा हे आमच्या भागाचे नेते आहेत. (कशाचे, हे विचारण्याची पद्धत नाही.) व्यासपीठावर सुग्रीवच्या शेजारच्याच खुर्चीत वीज कचेरीचे साहेब बसले होते. पुढची ओळ म्हणायला आता माईकही लागणार नव्हता. सुग्रीवनं चष्मा काढला, हात जोडले आणि म्हणाला, “सायेब, डीपी बदला.”

साहेबांनी वळून पाहिलं. “अरे, तूच का तो? थांब, हलू नको.”

त्यांनी फोन काढला, सुग्रीवच्या खांद्यावर हात टाकून फोटो घेतला, थोडा वेळ अंगठा चालवला आणि स्क्रीन त्याच्यापुढे धरली.

“घे. बदलला. आता खूश?”

“ह्यो न्हाई, सायेब,” सुग्रीव म्हणाला. “ती.”

बंकटअण्णांनी ऐकलं. त्यांनी माईक ओढून घेतला आणि जनतेला सांगितलं, “पोरगं लई हजरजबाबी हाय बरं का.” साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. डीजेवाल्यानं ढोल सोडला. एका कलाकाराला एका सरकारी माणसानं जागच्या जागी दिलेला हा जिल्ह्यातला पहिलाच न्याय असावा.

*

यानंतर सुग्रीवनं बद्रीनाथचं न ऐकता दुसरं गाणं काढलं. नाव : ‘पत्ता’. त्यात चष्मा नव्हता, थर्माकोल नव्हतं. तेलगावावरून कोणता रस्ता धरायचा, कुठं वळायचं, खांबाचा नंबर काय आणि वस्तीचं नाव, एवढंच ठेक्यात बसवलं होतं. वस्तीचं नाव आठ वेळा येतं.

गाणं चाललं नाही. पहिल्यासारखी मजा न्हाई, असं लोकांनी लिहिलं. आशय हरवला, असं जाणकारांनी लिहिलं. यशानं कलाकार आत्ममग्न होतो, त्याला आपल्या दाराखेरीज काही दिसत नाही, असंही निदान झालं. जी काही थोडी माणसं शेवटपर्यंत ऐकत राहिली, ती बहुतेक वस्तीवरचीच होती. फोन तेलगावात चार्ज करून आणून ऐकत होती. अंजनाबाईनं दोनदा ऐकलं.

“चांगलं हाय गाणं,” ती म्हणाली. “पर ह्ये आपल्याला ठावंच हाय की.”

बद्रीनाथनं राजीनामा दिला. आता तो पाली गावच्या एका पोराचा मॅनेजर आहे, जो तोंडानं ट्रॅक्टरचा आवाज काढतो. सुग्रीव शेळ्या राखतो. वाढदिवसाचं फ्लेक्स त्यानं गोठ्यावर टाकलंय; एकतीस चेहऱ्यांतून पाणी गळत नाही. डीपी खांबावर आहे, तशीच.

यात कोणाचाच दोष नाही, हे नमूद करणं आवश्यक आहे. लोकांनी गाणं मनापासून ऐकलं. तुम्हीही ही हकिकत मनापासून वाचलीत, साहेबांवर चिडलात, डीजेवाल्याला मनात शिवी घातलीत. आपण त्या गर्दीत नव्हतो, असंही तुम्हाला वाटून गेलं असेल.

वस्तीचं नाव पुढे येईलच, असं मी सुरुवातीला कंसात लिहिलं होतं. आता पुढे फारसं काही उरलेलं नाही. तुम्ही विचारलंत का?

पहिलं गाणं रेकॉर्ड करायला घेतलं, तेव्हा सुग्रीवच्या फोनमध्ये दोन टक्के चार्जिंग होतं.