सुभेदारांचा सेल्फ

विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत रोज सकाळी सात वाजता सहा माणसं एक मोटार ढकलत. मोटार सुभेदार भोइट्यांची. ते स्वतः स्टेअरिंगवर बसून फर्मावत, "हां जवान, जोर लावा!" या जवानांत आमचे हे, बँकेतले कुलकर्णी, रतीब घालून परतणारा गवळी असे सगळे असत. गाडी खोकत सुरू झाली की चौकाला एक वळसा, आणि मग सुभेदारांच्या ओट्यावर सहा कप चहा. तो न घेता जायची सोय नव्हती.

सुभेदार कोरेगावकडचे. पलटणीत वीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, पेन्शनीत आल्यावर इथे घर बांधलं. मुलगा दूर जमशेदपूरला. घरात एकटेच. कंपनीच्या गॅरेजचं नाव काढलं की भडकत.

"आवं बाई, तितं गाडी घालायची म्हंजे दाव्यासाठी गाय इकायची! देवानं हात कशाला दिल्यात?"

त्या हातांनी ते काहीही करत. मी शिकवते त्या शाळेतून आणलेल्या जुन्या हजेरीपटाचा पुठ्ठा कापून त्यांनी पंपाचं पॅकिंग केलं. रेडिएटर गळू लागला तेव्हा माझ्याकडून वाटीभर हळद नेऊन आत ओतली. गळती थांबली, पण आठवडाभर गाडी तापली की आमटी उकळल्याचा वास सुटे. विचारलं तर उत्तर एकच, "फिट हाय!"

मला याद्या करायची सवय, आणि इथे माझा स्वार्थही होता. सासूबाईंना दमा. वेळ आलीच तर मिरजेच्या दवाखान्यात न्यायला गल्लीत ही एकच मोटार. म्हणून मी दुरुस्त्यांची यादी करून सुभेदारांच्या दाराला चिकटवली. ब्रेक, दिवे, हॉर्न, सगळ्यांवर महिन्याभरात काट बसली. राहिला तो सेल्फ. बटण ओढून इंजिन सुरू करायची सोय.

"त्येच्या आतला बुश घडवाया कुपवाडला लेथवर दिलाय," हे मी दोन वर्षं ऐकलं. शेवटी धक्का द्यायच्या पाळ्यांचीही यादी केली.

शाळेच्या सुट्टीत एका मंगळवारी भर दुपारी सासूबाईंचा श्वास कोंडला. पुरुष सगळे कामावर. मी सुभेदारांकडे धावले.

"आईंना घिऊन या," एवढंच ते म्हणाले.

सासूबाईंना मागच्या सीटवर बसवलं, पदर खोचला आणि गाडीच्या मागे जाऊन हात टेकवले.

"बाई, आत बसा."

"अहो, पण धक्का..."

"बसा म्हंतो न्हवं!"

त्यांनी बटण ओढलं. पहिल्या झटक्याला इंजिन लागलं. खोकलंसुद्धा नाही.

मिरजेला इंजेक्शन मिळालं. संध्याकाळी सासूबाईंना मोकळा श्वास घेत घरी आणलं, आत निजवलं. बाहेर आले तर सुभेदार अजून स्टेअरिंगवरच बसलेले.

"कधी दुरुस्त झाला सेल्फ?"

"मागल्या दिवाळीतच." त्यांनी हातातली किल्ली दोनदा उलटसुलट केली. "घरात सा कप हायत, बाई."

दारावरच्या यादीत सेल्फवर मी काट मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हाक आली, "हां जवान, जोर लावा!" ह्यांची पाळी नव्हती. तरी मी त्यांना उठवलं.