गुलाबतात्यांचा रेडिएटर

गुलाबतात्यांनी आयुष्यभर ट्रक चालवला आणि म्हातारपणी त्यांना गाडी लागायला लागली. कोण हसणार नाही? मी तर त्यांच्या तोंडावर हसले.

कन्हेरीत ते आमच्या शेजारी राहतात. ट्रक गेला, पण बोलण्यातून उतरला नाही. जेवण झालं की 'टाकी फुल', गुडघा दुखला की 'पाटा मोडला', आणि बायको हौसा रागावली की 'हॉर्न वाजवू नगंस, साईड देतो.' तात्या कोकणात गूळ पोचवून आले की हौसा पहिलं विचारायची, "समुद्र कसा हुता?" एवढंच तिचं वेड. लग्न होऊन आल्यापासून ती स्वतः कधी कन्हेरीबाहेर पडली नव्हती.

माझा मुलगा सुरेश एमआयडीसीत कामाला. दर मे महिन्यात तो गाडी ठरवतो आणि आमची आळी पोराबाळांसकट सहलीला निघते. कुठं जायचं ते तात्यांना विचारायचं. "पन्हाळ्याला वारं झ्याक. भंडारदऱ्याला लेकरं पाण्यात सोडू नगा." सांगायचे, पण यायचे नाहीत. मग एका वर्षी म्हणाले, "आमी दोघं बी येतो."

ती सहल महाबळेश्वरची. वाईपर्यंत ठीक होतं. पसरणीचा घाट लागला आणि तात्या ओरडले, "ब्रेक मार! माझा रेडिएटर उकळला!"

गाडी थांबली. तात्या झाडामागं पळाले. मागून हौसा, हातात तांब्या, तोंडाला पदर. पाचगणीपर्यंत हेच चाललं. पोरं त्यांना रेडिएटरतात्या म्हणायला लागली. बायका हळहळल्या, "बिचारी हौसा! जन्मात एकदा भाईर पडली, ती नवऱ्याची उलटी धुवायला."

मी म्हणाले, "तात्या, ट्रक काय बैलं लावून वढत हुता?"

"आक्का, स्टेअरिंग आपल्या हातात आसलं की लागत न्हाय."

वर पोचल्यावर माणूस टवटवीत. कठड्यापाशी उभं करून हौसाला दरी दाखवत होता, जणू स्वतःच खणली होती.

पुढच्या उन्हाळ्यात गणपतीपुळे ठरलं. आंबा घाटात रेडिएटर इतक्यांदा उकळला की सुरेश तापला. "आता थांबायचं न्हाय. समुद्रावर पोचंस्तवर अंधार पडंल. फुडल्या वर्षी तात्यांना घरीच ठिवू." सगळ्यांनी माना हलवल्या.

गाडी थांबलेलीच होती आणि माझे पाय आखडले होते, म्हणून मीही उतरून तात्या-हौसा गेले होते त्या झाडामागं गेले. तात्या ठणठणीत उभे होते. वाकली होती ती हौसा. तात्यांनी एका हातानं तिचं कपाळ धरलं होतं, आणि रस्त्याकडं तोंड करून ते मोठमोठ्यानं ओकण्याचे आवाज काढत होते.

मला बघून हौसा कावरीबावरी झाली. "आक्का, वरातीच्या जीपमधी मी सासूच्या लुगड्यावर ओकले. सगळं वऱ्हाड हसलं. तवापासनं मी गाडीत पाय ठिवला न्हाय. हे म्हणले, 'चल, समुद्र बघू. हसतील ते मला हसतील.'"

तात्या हळूच म्हणाले, "आक्का, एवढा समुद्र बघू द्या तिला. मग टाका आमाला घरी."

मी गाडीत येऊन बसले.

दोन-तीन वळणं गेली आणि हौसाचा पदर पुन्हा तोंडाशी गेला. तात्यांनी ओरडायला तोंड उघडलं, सुरेशच्या कपाळावरच्या आठ्या बघितल्या आणि मिटलं. हौसा पांढरी पडली होती.

मी ओरडले, "ब्रेक मार रं! माझा रेडिएटर उकळला!"

सुरेश वळून बघतच राहिला. "आई, तुला कवापासनं गाडी लागती?"

"आत्तापासनं," मी म्हणाले. "हौसा, तांब्या घे अन् चल माझ्यासंगं."