ईथरची अर्जित रजा

भट्टीतल्या ईथरने सोमवारी साडेदहाला अर्जित रजेचा अर्ज दिला. रीतसर नमुन्यात, दोन प्रतींत. ज्वलन संशोधन केंद्रात त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. तिथले कायम कर्मचारी वर्षभर दुसरं फारसं काही करत नसत.

हेमलता डोईफोडेला मात्र ही रजा परवडणारी नव्हती. तिचा प्रबंध याच ईथरवर होता. अडीचशे अंशांवर हे इंधन फिकट निळ्या, थंड ज्योतीने गुमान जळतं. साडेतीनशेच्या पुढे तापवलं, तर त्याचा वेग वाढायच्या ऐवजी मंदावतो. एवढं दाखवण्यात तिची सात वर्षं गेली होती आणि शेवटची मोजणी तेवढी उरली होती. ती शुक्रवारपर्यंत झाली नाही, तर नोंदणी रद्द आणि सात वर्षं पाण्यात.

तिचे मार्गदर्शक पराडकर सर यांचा एकाच उपायावर विश्वास होता: कुणी मंद पडलं की आच वाढवायची. इंधन आणि विद्यार्थी यांत ते भेदभाव करत नसत. निकालही दोन्हीकडे सारखाच येई, पण एवढ्या बारीक गोष्टीकडे बघायला सरांना वेळ नव्हता.

रजा मंजूर झाली. रजेच्या काळात काम कोण बघणार, या रकान्यात ईथरने हेमलताचं नाव टाकलं होतं. तिने केबिनमध्ये जाऊन आपण इंधन नसल्याचं अदबीने सरांच्या निदर्शनास आणून दिलं. उमेदवार इंधनच असावा असं नियमात कुठे आहे, असं सरांनी चष्मा पुसत विचारलं. तसं खरोखरच कुठे नव्हतं. तिने आईला फोन करून आठवडाभर डबा नको म्हणून सांगितलं आणि ती भट्टीत शिरली.

अडीचशेवर हेमलता छान जळाली. साडेतीनशेवर मंदावली, चारशेवर जवळजवळ थांबलीच. आलेख तिने प्रबंधात वर्तवला होता तसाच आला. आपलं बरोबर होतं, या आनंदाने तिचे डोळे भरून आले आणि लगेच कोरडे झाले.

शुक्रवारी तोंडी परीक्षा भट्टीसमोरच झाली. काचेपाशी बाहेरून आलेले दोन परीक्षक आणि मध्ये सर, तापमानाच्या बटणावर हात ठेवून.

"आच वाढली की वेग का घटतो?" थोरल्या परीक्षकांनी विचारलं.

"पेट घ्यायला आत जे जमवावं लागतं, ते जास्त आचेत टिकत नाही, सर. जमायच्या आधीच तुटतं."

"आणि आणखी वाढवली तर?"

सरांनी तत्परतेने बटण साडेचारशेच्या पुढे नेलं.

"मग एकदम भडका," हेमलता शांतपणे म्हणाली. "पाचशेच्या आसपास. समोर कोण बसलंय, ते बघत नाही."

परीक्षकांनी खुर्च्या मागे घेतल्या. पराडकर सरांनी सात वर्षांत पहिल्यांदाच बटण उलटं फिरवलं. पदवीची शिफारस एकमताने झाली आणि पेढे लांब चिमट्याने आत देण्यात आले.