पुढच्या वर्षी नगरला

गायकवाड फादर ओळखपाळख नसलेल्या माणसांच्या मयताला जाऊन बसत. परदेशातल्या आमच्या बिशान वस्तीत इमारतींचा तळमजला मोकळा असतो. कुणी गेलं की तिथेच शवपेटी ठेवतात, गोल टेबलं मांडतात, शेंगदाणे येतात आणि लोक बसून राहतात. कुठेही हे दिसलं की फादर गळ्याची पांढरी पट्टी सारखी करून आत शिरत. "देसाई, मयताला माणसं लागतात," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. चिनी म्हाताऱ्या "फादर, ईट लाह!" म्हणून बशी पुढे सरकवत. फादर शेंगदाणे सोलत घरच्यांना विचारत, "त्यांना जेवायला काय आवडायचं?" येशूचं नावसुद्धा काढत नसत.

एकदा घोटाळा झाला. त्याच जागेत लग्नंही होतात. फादरांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता. टेबलं दिसली तसे ते आत गेले आणि एका मलय गृहस्थाचा हात धरून म्हणाले, "धीर धरा." तो नवरीचा बाप होता. तो फादरांच्या खांद्यावर डोकं ठेवून खरंच रडला. फादर बिर्याणी जेवून, वर डबा घेऊन आले. "चूक कसली? मुलगी चालली होती त्याची," म्हणाले.

फादर मूळचे नगरचे. तरुणपणी इथल्या अँग्लिकन चर्चमध्ये पाळक म्हणून आले; त्या पंथात पाळकांना लग्नाची मुभा असते. ज्यांना बाप्तिस्मा दिला त्यांची लग्नंही त्यांनीच लावली. प्रवचन लांबलचक करत, पण आजाऱ्याच्या उशाशी मात्र गप्प बसून राहत.

मी हिशेबातला माणूस. मला त्यांची एकच गोष्ट पटत नसे. "फादर, इथं कायमचं राहायचा, पीआरचा अर्ज करा," मी म्हणे. "तुमचा पास चाकरीवर आहे. चाकरी संपली की इथलं राहणं संपलं."

"कशाला? पुढच्या वर्षी नगरला जायचंच आहे."

हे उत्तर मी दरवर्षी ऐकलं. त्यांच्या सोफ्यावरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं, कारण नगरला तो नवा दिसायला हवा होता. बसलं की करकर वाजे. त्यांच्या पत्नी रूथवहिनी चहा देताना म्हणत, "भाऊजी, यांचं नगर म्हणजे भरून ठेवलेली बॅग. उघडत नाहीत आणि उचलतही नाहीत. मला इथंच राहायचंय. माझी संडे स्कूलची पोरं इथं आहेत. घाला एकदाचा तो अर्ज!"

"घालू गं," फादर म्हणत. "घाई काय आहे?"

वहिनी अचानक गेल्या. इथं दफनाला जागा कमी, म्हणून दहन करून त्यांच्या अस्थी चर्चच्या भिंतीतल्या एका कप्प्यात ठेवल्या. त्यानंतर फादरांनी नगरचं नाव घेतलं नाही. निवृत्ती जवळ आली तेव्हा स्वतःहून माझ्याकडे आले आणि आम्ही दोघांनी बसून अर्ज भरला. नकार आला. पास संपत होता, राहती जागा चर्चची होती.

"अस्थी बरोबर न्या," मी म्हणालो. मला तो सरळ उपाय वाटला.

"नगरला तिचं कोण आहे? आयुष्यभर मी माझ्या मर्जीनं तिला टांगून ठेवलं. आता तरी तिला हवं तिथं राहू दे."

जायच्या दिवशी दुपारी त्यांनी मला चर्चमध्ये नेलं. वहिनींच्या नावाच्या पाटीवरची धूळ रुमालाने पुसली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक काम सांगू? अधूनमधून येत जा. इथं डावीकडे मिसेस टॅन, उजवीकडे मिस्टर लिम. भली माणसं आहेत, पण मराठी कानावर पडलं नाही की ही बेचैन होते."

"मी काय बोलणार, फादर?"

"काहीही. घरी भाजी काय केली ते सांगा. बिघडली असेल तर आवर्जून सांगा. तिला बरं वाटेल."

मी मान हलवली. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. माझा दंड धरून त्यांनी मला पाटीच्या अगदी समोर उभं केलं.

"रूथ," ते म्हणाले, "हे आपले देसाई. माझ्या जागी आता हे येतील. बोलायला जरा लाजतात, सांभाळून घे."