टॉवेल टाकलेली खुर्ची

क्वार्टर रिकामं करायची नोटीस फ्रिजवर चिकटवलेली होती आणि सुरेखाबाई ती येता-जाता मोठ्यानं वाचत होत्या. पस्तीस वर्षं केंद्र सरकारात खुर्च्या उबवून हरीशराव निवृत्त झाले खरे, पण लक्ष्मीबाई नगरातल्या या सरकारी घराबाहेर दिल्लीत त्यांना स्वतःचं छप्पर नव्हतं.

"काळजी सोड," हरीशराव टाय बांधत म्हणाले. "आजपासून मी फरीदाबादच्या एका फॅमिली ऑफिसचा इंडिपेंडंट चेअरमन."

"म्हणजे काय करायचं?"

"अगं, बडं घराणं, स्वतःची इस्टेट सांभाळायला स्वतःचंच ऑफिस. भावंडं भांडतात, म्हणून वर बाहेरचा तटस्थ माणूस बसवतात. वर्षाला चार मीटिंगा, तीस लाख मानधन! पांढऱ्या केसांना भाव आहे बघ. या लाइनला मरण नाही."

"शुभ बोला जरा! आणि मानधनाचं आधी लिहून घ्या. तुमचा स्वभाव हा असा भिडस्त."

"मीटिंग झाली की पत्र देणारेत. चलो, निघतो."

फरीदाबादला बंगल्यात पोचेपर्यंत दुपारचे तीन वाजले होते, तरी धुरक्यापायी आत दिवे लावलेले. लांबलचक टेबल, सगळ्या खुर्च्या सारख्या. फक्त टोकाच्या खुर्चीच्या पाठीवर पांढराशुभ्र टॉवेल. आता सरकारी माणूस डोळे बांधून सोडला तरी टॉवेलच्याच खुर्चीत जाऊन बसणार! साहेबाची खुर्ची तो टॉवेलावरून तर ओळखतो. हरीशराव ऐटीत बसले.

घरचा थोरला मुलगा नीरज, त्याची बहीण शिवांगी आणि त्यांची म्हातारी आई, माताजी, तिघंही टक लावून बघत राहिले. हरीशरावांनी समोर पाहिलं. भिंतीवर घरच्या कर्त्याचा, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या लालाजींचा हार घातलेला फोटो होता. फोटोत लालाजी बसले होते ती खुर्ची हीच, टॉवेलसुद्धा हाच. आणि पाठीला तो टॉवेल कोमट लागत होता, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखा.

हरीशराव दचकून उठू लागले.

"बैठे रहिए," माताजी कापऱ्या आवाजात म्हणाल्या. भिडस्त माणूस, बसला.

न सांगता चहा आला. बिनसाखरेचा, चिमूटभर काळं मीठ घातलेला, लालाजी घ्यायचे तस्सा. "मैं भी फीकी ही पीता हूँ," हरीशराव डायबेटिस आठवून म्हणाले. माताजींनी नवऱ्यासमोर ओढावा तसा डोक्यावरून पदर पुढे ओढला. लालाजी गेल्यापासून या खोलीत पाऊल न टाकलेला म्हातारा कुत्रा आला आणि हरीशरावांच्या बुटावर हनुवटी टेकून झोपला.

नीरजनं घसा खाकरून जुना कारखाना विकायचा विषय काढला. शिवांगी म्हणाली, मुळीच विकायचा नाही. दोघं हरीशरावांकडे वळले. अशा वेळी हरीशराव पस्तीस वर्षं जे बोलत आले तेच बोलले.

"अभी रहने दो. देखते हैं."

नीरजच्या हातातलं पेन गळून पडलं. "बाबूजी हमेशा यही कहते थे," तो पुटपुटला. दोन वर्षांचं भांडण तिथेच मिटलं. दोघं भावंडं उठून हरीशरावांच्या पाया पडली.

आता मात्र हरीशरावांनी धीर केला. "वो मेरा... मानधन का पत्र?"

"बाबूजी," नीरज दुखावल्या स्वरात म्हणाला, "आप घर से तनख्वाह लेंगे? चेयरमैन तो बाहर का कोई ढूँढ लेंगे."

"ऊपर आपका कमरा वैसा ही रखा है," माताजी पदराआडून म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, किती देतायत?" सुरेखाबाई.

"पैसे नाहीत गं," हरीशराव कुजबुजले. उठावंसं फार वाटत होतं, पण पायावर कुत्रा होता आणि पाठीला टॉवेल चांगलाच गरम लागत होता. "जागा मात्र मिळाली."

"अरे वा! किती वर्षांसाठी?"

हरीशरावांनी वर पाहिलं. नीरज स्टुलावर चढून लालाजींच्या फोटोचा हार काढत होता.

"या पोस्टला रिटायरमेंट नाहीये गं," हरीशराव म्हणाले.