बेलमधली बायको

बायको लेकीकडे गेली आणि रविवारी सकाळी मी दाराची बेल दुरुस्त करायचं ठरवलं. या बेलमध्ये बायकोचाच आवाज भरलेला आहे: "थांबा, आले!" हल्ली तो इतका घोगरा आणि रेंगाळत यायचा, की पोस्टमनने मलाच विचारलं, "साहेब, घसा बसलाय का?"

खरं सांगायचं तर मला ती ऐकायची होती. फोनवर ती भेटते, पण तिथे नुसतं नातवाचं कौतुक. आणि "कधी येतेस?" असं विचारायला माझी जीभ रेटत नाही.

मी चार्जरच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. बेल उघडताच रोग पकडला. सेल उलटे बसले तर सर्किट जळू नये म्हणून आत साधा डायोड होता. हा पहारेकरी वीज एकाच दिशेने सोडतो, पण सोडताना अर्धा-पाऊण व्होल्ट स्वतःच खातो. शॉट्की डायोडमध्ये धातू थेट सेमीकंडक्टरला भिडवलेला असतो, म्हणून तो फार कमी खातो. (माझ्या अगदी उलट, असं बायको म्हणाली असती.)

कारखान्यातून आणलेला असा एक शॉट्की जुन्याच्या जागी बसवला. बटण दाबलं. बेल मुकी! आवाज पुसला गेला असेल तर? घर एकदम ओकंबोकं वाटायला लागलं. मग चष्मा लावला, तर डायोड उलटा बसलेला. (टेस्टिंगचा अनुभव, पंचवीस वर्षं.) सुलटा केला आणि बाहेर जाऊन पुन्हा बटण दाबलं.

"थांबा, आले!"

खणखणीत! ओले हात पुसत ती आत्ता दार उघडेल असंच वाटलं. मी परत दाबलं. परत. तेवढ्यात वाऱ्याने दार धाडकन लागलं. किल्ली आत, मी बनियनवर बाहेर. नशिबाने मोबाइल खिशात होता. बायकोला लावला.

"अगं, किल्ली आत राहिली."

शेजारच्या काकू दारात उभ्याच होत्या. फोनला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "वहिनी, केव्हाचे बेल वाजवून तुमचा आवाज ऐकत उभे आहेत हो!"

"करमत नाही का?" बायकोने विचारलं.

"नाही करमत," मी म्हणालो.

"परवा येते. दुसरी किल्ली काकूंकडेच आहे. पण बेलला झालं काय होतं?"

मी शॉट्की डायोड सविस्तर समजावला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, पण सेल बदलून पाहिले का? टीव्हीखालच्या खणात नवे ठेवलेत. जाताना सांगितलं होतं."