गोधडीच्या पायथ्याशी कोण?

काशिनाथ आबांना दिलेली कोणतीही भेट थेट कपाटात जाते, हे वटार गावात सगळ्यांना माहीत होतं. लोकरीचा स्वेटर, नक्षीदार काठी, कानात घालायचं यंत्र, सत्काराच्या शाली, काहीही असो, आबा वस्तू हातात घ्यायचे, उलटसुलट बघायचे आणि म्हणायचे, "चांगलं हाय. कपाटात ठेव." मग आपली विरलेली चौकटीची चादर ओढून ओटीवर आडवे व्हायचे. कपाटातल्या बऱ्याचशा वस्तू थोरल्या सुनेने, आशालताने, हौसेने आणलेल्या होत्या. लग्नाला तीस वर्षं होत आली, तरी ‘आबांनी माझी एक वस्तू वापरली’ असं म्हणायची संधी तिला मिळाली नव्हती आणि ते तिच्या मनाला लागत असे.

म्हणून आबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी तिने वेगळाच घाट घातला. वसईच्या रोझमेरी टीचर शाळेतून निवृत्त झाल्यापासून बायकांना फोटोंच्या गोधड्या शिकवत होत्या. मांजरपाटाचा तुकडा कागदावर चिकटवायचा, प्रिंटरमधून त्यावर काळापांढरा फोटो छापून घ्यायचा, त्यात हाताने रंग भरायचे आणि असे तुकडे जोडून, खाली अस्तर लावून धावदोऱ्याने शिवायचे. आबांच्या अंगावर सगळं घरच पांघरलं, तर ते कपाटात कसं ठेवतील, असा आशालताचा हिशेब होता.

"रंग पाण्यासारखा पातळ ठेव गं आशा," टीचरनी बजावलं होतं. "एकदा लावलास की हात आवर. थरावर थर दिलेस तर कापडाचा पत्रा होतो. मग ते भिंतीवर लाव, अंगावर नको."

आशालताने तुकडे रंगवले आणि जेवणाच्या टेबलावर मांडले. वरती मधोमध दिवंगत सासूबाई, मग बाकीची मंडळी. तिचा नवरा जयवंत बँकेत अधिकारी. कोणताही कागद खालून वर वाचायची त्याला सवय.

"अगं, आबांचे पाय कुठल्या बाजूला येणार?"

"खालच्या."

"आणि खाली कोण आहे?"

आशालताने पाहिलं. खाली जयवंत होता, दात काढून हसत असलेला.

"म्हणजे थोरल्या मुलाला बाप रोज रात्री लाथा घालणार?"

"अहो, झोपेत पाय लागणार. आणि तुमचे वडीलच आहेत ते."

"वडिलांचं सोड, लोक काय म्हणतील? मला वर घे. खाली दुसरं कुणीतरी टाक."

दुसरं कुणीतरी म्हणजे जावईबापू, कारण मापाचा तेवढाच तुकडा उरला होता. इथवर प्रकरण घरातच राहिलं असतं. पण जयवंतने कौतुकाने टेबलाचा फोटो काढून ‘काशिनाथ परिवार’ या ग्रुपवर टाकला आणि तासाभरात मनवेलपाड्याहून नणंद अनसूया रिक्षाने हजर झाली. मागोमाग जावईबापूही उतरले. ते आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि गंभीर प्रसंगी बोलत नसत, नुसते घसा खाकरत.

"वहिनी, लाथा मारायला माझाच नवरा सापडला तुला?" अनसूयाने चपला काढायच्या आत विचारलं. "पाय धुऊन ओवाळलं होतं त्यांना या घरात!"

जावईबापूंनी घसा खाकरला. त्यांना ताबडतोब वरच्या ओळीत घेण्यात आलं. तिथे जागा होती ती नेमकी सासूबाईंच्या शेजारी.

"अगं बाई," अनसूया गालावर हात ठेवत म्हणाली, "जावई आणि सासू एका गोधडीत शेजारीशेजारी? आई असती तर उठून गेली असती!"

आता ही नवीच दृष्टी सगळ्यांना मिळाली. ही गोधडी आहे आणि गोधडीत माणसं शेजारीशेजारी आहेत, म्हणजे कोण कुणाशेजारी हे बघायला नको का? धाकटी जाऊ मेघना वसई स्टेशनजवळच्या फ्लॅटमधून व्हिडिओ कॉलवर आली. "मी तर थोरल्या दिरांच्या बाजूला आहे! आय मीन, आमच्याकडे फोटो बघून लोक हसतील ना वहिनी. मला शिफ्ट करा." शेवटी पुरुष एका अंगाला, बायका एका अंगाला आणि मध्ये केळीच्या पानांची पट्टी, असा लग्नाच्या पंगतीसारखा बंदोबस्त झाला.

जागा ठरल्या तशी चेहऱ्यांकडे लक्ष गेलं.

"केस जरा काळे होतील का?" जावईबापू पहिल्यांदाच बोलले.

"फोटोत पांढरे आहेत, भाऊजी."

"रंग हातानेच भरायचाय ना? मग हात आखडता कशाला घ्यायचा?"

त्यांचे केस काळे झालेले पाहून जयवंतने आपलं टक्कल झाकून घेतलं. जयवंतचं झाकलं म्हणून जावईबापूंना मिशाही काळ्या हव्या झाल्या. मेघनाला रंग उजळ हवा होता. तो उजळला तशी अनसूया सावळी दिसू लागली. मग तीही उजळली, तेव्हा मेघनाचा पुन्हा फोन आला. आशालता थर देत गेली. टीचरचं बोलणं तिला आठवत होतं, पण ग्रुपवर रोज सकाळी ‘गुड मॉर्निंग’च्या खाली नवी दुरुस्ती येत होती आणि समारंभाआधी घरात रुसवाफुगवा नको होता. सासूबाईंच्या गळ्यातसुद्धा अनसूयाने दोन तोळे वाढवून घेतले. बोटाने दाबलं की तुकडे आता कडकड वाजत.

पायथ्याची ओळ मात्र रिकामीच होती.

"तिथे आपली केळीची बाग छापू," आशालता म्हणाली.

"बाग म्हणजे लक्ष्मी," जयवंत म्हणाला. "तिच्यावर पाय?"

"मग विहीर?"

"विहिरीची आपण पूजा करतो, वहिनी!" अनसूया म्हणाली.

"मोत्या? तो तर कुत्रा होता."

"मोत्या आईचा जीव की प्राण होता. मेल्यावर त्याची ही दशा?"

आशालताने टेबलाकडे पाहिलं. इतक्या खटपटीत एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. गोधडीत ती स्वतः कुठेच नव्हती. घरातला प्रत्येक फोटो तिनेच काढलेला, त्यामुळे ती असणार कुठून? आणि वाईट याचं वाटलं की हे तिच्याही लक्षात आत्ताच आलं होतं.

"मग मी राहते खाली," ती म्हणाली.

कुणीतरी ‘छे छे’ म्हणेल म्हणून ती क्षणभर थांबली.

"हे उत्तम झालं," जयवंत म्हणाला. जावईबापूंनी मान डोलावली. मेघनाने ग्रुपवर फुलांचा गुच्छ पाठवला.

तिचा पासबुकासाठी काढलेला एकच फोटो सापडला. ओळ भरायची म्हणून आशालताने तोच चारदा छापला, पातळ रंगाचा एकेक हात दिला आणि शिवून टाकला. त्यात दुरुस्ती कुणी सुचवली नाही.

समारंभ थाटात झाला. आबांना ओवाळून झालं, जेवणं झाली, पाहुणे पांगले. उन्हं कलल्यावर समुद्राकडून गार वारा सुटला आणि आबा ओटीवर आडवे व्हायला निघाले. सगळ्यांनी फोन सरसावले. आशालताने गोधडी पुढे केली.

आबांनी गोधडी उलटसुलट पाहिली. आशालता मनातल्या मनात ‘कपाटात ठेव’ ऐकून बसली होती. पण आबांनी चौकटीची चादर बाजूला सारली, आडवे झाले आणि गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली. जयवंतने टाळी वाजवली.

"आई गं!" आबा उठून बसले. "काय टोचतंय हे?"

ते जावईबापूंचे केस होते. आबांनी हनुवटी चोळली. मग पिकलेलं केळं चाचपावं तसे ते गोधडी वरून खालपर्यंत चाचपत गेले. जयवंतपाशी त्यांनी तोंड वाकडं केलं, मेघनापाशी हात झटकला. पार पायथ्याशी पोचल्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी तो मऊ काठ गालाला लावून पाहिला आणि गोधडी फिरवून खालची बाजू वर घेतली. आशालताच्या चार तोंडांची ओळ गळ्याशी घेतली आणि बाकीचं खानदान पायांवर सोडलं.

"आबा, उलटी झाली!" आशालता घाबरून म्हणाली. "ती पायाकडची बाजू आहे."

"असू दे. ही मऊ हाय," आबा डोळे मिटत म्हणाले. "बाकीचे सगळे टोचतात. पायाला काय, खाज तरी भागंल."

आणि त्यांनी टाच जावईबापूंच्या मिशांवर समाधानाने घासली.

फोन हळूहळू खिशात गेले. जावईबापूंनी दोनदा घसा खाकरला, पण आबांची टाच थांबली नाही.

"वहिनी," ते शेवटी म्हणाले, "एवढ्या मेहनतीची वस्तू रोजच्या वापरात खराब होईल हो."

"खरंच," जयवंत घाईघाईने म्हणाला. "अगं, ते उठले की कपाटात ठेव ती."

आशालताने पदराने डोळे टिपले आणि चहा टाकायला वळली.

"कपाटात जागा कुठे आहे?" ती म्हणाली. "स्वेटर आहेत ना तिथे."